‘कार्ब कमी करा, फायबर वाढवा’: म्हणजे घरच्या ताटात नेमकं काय करायचं?

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या मध्ये, म्हणजे पूर्वमधुमेहात, आलं की दवाखान्यातून माणूस बहुधा एवढंच ऐकून बाहेर पडतो: कार्ब (कर्बोदकं) कमी करा, फायबर (चोथा) वाढवा, तीन महिन्यांनी या. सल्ला बरोबरच असतो. पण घरी आल्यावर मावशी म्हणते भात बंद कर, जिमला जाणारा भाचा म्हणतो पोळीपण बंद कर, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी नाचणीची महती पाठवतं. माझा आकडा असाच मधल्या पट्ट्यात आला तेव्हा मी हे सगळं ऐकलं, थोडं करूनही पाहिलं. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी वजनकाटा आणायला लावला आणि तिथून गोष्टी मार्गी लागल्या. ज्या क्रमाने केल्या तर गोंधळ कमी होतो, त्या क्रमाने इथे लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. मराठी ताटात सगळं आहे. बिघडलंय ते प्रमाण. पोळी-भाताचा डोंगर आणि उसळ-भाजी चमचाभर, असं आपलं जेवण झालंय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या देशभरच्या पाहणीतून २०२५ मध्ये समोर आलं की भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के कार्बमधून येते, आणि त्यातही पांढरा तांदूळ, दळलेली धान्यं आणि साखर यांचाच भरणा असतो. त्यामुळे भात हद्दपार करण्यापेक्षा उसळीची वाटी मोठी करणं हे पहिलं काम.

१. सुरू करण्याआधी: कुणी परस्पर करू नये

हे आधी वाचा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

तुम्ही इन्सुलिन घेत असाल, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर जेवणातले कार्ब एकदम कमी केल्यावर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. औषध तेवढंच आणि भात निम्मा, असं परस्पर करायचं नाही. डॉक्टरांना आधी सांगायचं, ते डोस बघतील. घाम, थरथर, एकदम भूक, गोंधळल्यासारखं वाटणं ही साखर खाली गेल्याची लक्षणं. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर मोजायची. व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज चालू असणाऱ्यांनी इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ही औषधं आतड्यात घरातल्या नेहमीच्या साखरेचं विघटन लांबवतात, त्यामुळे चहाची साखर किंवा पेढा वेळेवर कामाला येत नाही. ग्लुकोज पावडरच जवळ हवी. याच औषधांनी गॅसही होतो, म्हणून या मंडळींनी फायबर आणखी हळू वाढवावं.

किडनीचा आजार असेल तर डाळी, उसळी, पालेभाज्या, फळं यांतलं पोटॅशियम आणि फॉस्फरस मोजावं लागतं. अशांसाठी हा लेख नाही, त्यांचं पथ्य वेगळं असतं. आतड्याची शस्त्रक्रिया झालेली, आतडं अरुंद झालेलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्सचा जोर चालू असलेला, गिळताना त्रास होणारा माणूस, यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय चोथा वाढवू नये.

२. काय जवळ ठेवायचं

कागदपत्रं: एचबीए१सी, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. चालू औषधांची यादी, त्यात थायरॉइडची गोळी, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या आणि आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा.

साधनं: ग्रॅममध्ये मोजणारा छोटा डिजिटल काटा. घरात रोज वापरता ती वाटी, आणि तिच्यात पाणी किती मावतं ते एकदा मोजून लिहून ठेवलेलं, कारण एकीकडची वाटी १०० मिलिची आणि दुसरीकडची २०० ची असते आणि सगळे ‘एक वाटी भात’ म्हणतात. एक वही. जमलं तर ग्लुकोमीटर.

काटा आयुष्यभर लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांना अंदाज येतो.

३. कार्ब आणि फायबर: कामापुरतं विज्ञान

कार्ब म्हणजे कर्बोदकं. त्यात साखर आली, धान्याचं पिष्ट म्हणजे स्टार्च आलं, आणि फायबरही मुळात त्याच कुळातलं. फरक पचनात आहे. साखर आणि स्टार्च लहान आतड्यात तुटून ग्लुकोज होतात आणि रक्तात जातात. एका ग्रॅममागे ४ कॅलरी. फायबर तोडणारी विकरं आपल्याकडे नाहीत. ते तसंच मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू त्यातलं काही आंबवतात आणि त्यातून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही लहान साखळीची आम्लं बनतात. ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी पोसल्या जातात. गॅस होतो तोही याच आंबवण्यातून. म्हणजे थोडा गॅस हा बिघाडाचा पुरावा मानायचं कारण नाही.

फायबर ढोबळमानाने दोन तऱ्हेचं. पाण्यात फुलून बुळबुळीत होणारं: ओट्स, जव, जवस, इसबगोल, गवार, भेंडी, पेरूचा गर. हे अन्नाला दाट करतं, ग्लुकोजचं शोषण मंदावतं, पित्तातली आम्लं बांधून बाहेर नेतं म्हणून एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं. दुसरं न विरघळणारं: गव्हाचा कोंडा, धान्यांची आणि कडधान्यांची सालं, पालेभाज्यांचे देठ. हे मळाला आकारमान देतं आणि पुढे ढकलतं. बहुतेक अन्नात दोन्ही असतात, त्यामुळे दोन याद्या करून पाठ करत बसू नका.

किती हवं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात १० वर्षांवरील सगळ्यांसाठी रोज किमान २५ ग्रॅम, तेही अन्नातूनच मिळालेलं, असं सांगितलंय. २ ते ५ वर्षांच्या मुलांना १५ आणि ६ ते ९ च्या मुलांना २१ ग्रॅम. मोठ्यांनी ३० च्या आसपास धरून चालायला हरकत नाही.

कार्बला शून्यावर न्यायचं नाही, हेही इथेच सांगते. आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मोठ्या माणसाची शिफारस दिवसाला १३० ग्रॅम ठरवली आहे, ती मुख्यतः मेंदूच्या ग्लुकोजच्या गरजेवरून.

४. पहिला आठवडा: काही बदलू नका, फक्त लिहा

हा टप्पा सगळे गाळतात. नेहमीसारखं जेवा आणि वहीत नोंदवा. पोळ्यांना किती कणीक लागली, कच्चा तांदूळ किती, कडधान्य किती. शिजलेलं मोजण्यापेक्षा कच्चं मोजलेलं बरं, कारण भातात पाणी किती मुरलं त्यावर वजन बदलतं. एकत्र कुटुंबात अख्ख्या पातेल्याचं कच्चं वजन लिहा आणि आपला वाटा ठरवा. एवढं अचूक पुरे.

आता आकडे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांवरून, १०० ग्रॅम कच्च्या मालात, पूर्णांकाच्या जवळ आणून:

पॉलिशचा तांदूळ: कार्ब ७८, फायबर ३
मैदा: कार्ब ७४, फायबर ३
ज्वारी: कार्ब ६८, फायबर १०
नाचणी: कार्ब ६७, फायबर ११
गव्हाची कणीक: कार्ब ६४, फायबर ११
बाजरी: कार्ब ६२, फायबर ११
तूरडाळ: कार्ब ५५, फायबर ९
मटकी: कार्ब ५२, फायबर १५
हरभराडाळ: कार्ब ४७, फायबर १५
अख्खे मूग: कार्ब ४६, फायबर १७
अख्खा हरभरा: कार्ब ४०, फायबर २५

(या तक्त्यात कार्बमधून फायबर आधीच वजा केलेलं आहे.)

यादी नीट बघा. ज्वारी आणि कणीक यांत फारसा फरक नाही. भाकरी खाल्ली म्हणजे कार्ब खाल्लेच नाहीत, असा जो समज पसरलाय तो इथे कोसळतो. शिवाय एका फुलक्याला २५-३० ग्रॅम कणीक लागते आणि हातावरच्या जाडसर भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ सहज लागतं. दोन पोळ्यांऐवजी दोन भाकऱ्या खाल्ल्या तर कार्ब दुप्पट. सोलापूरकडच्या पातळ, पापुद्रा सुटलेल्या भाकरीचं गणित वेगळं, पण तशी थापता यायला हवी. भाकरी खावीच, तिचं पीठ बहुधा पूर्ण धान्याचं असतं आणि ती सावकाश चावून खावी लागते. पण मोजून.

दुसरी गोष्ट, खरी उडी धान्य बदलल्याने पडत नाही, धान्यावरून कडधान्यावर गेल्याने पडते. अख्ख्या हरभऱ्याचा आकडा तांदळाशेजारी ठेवून पाहा.

५. दुसरा आठवडा: एकच जेवण बदला

दुपारचं जेवण घ्या, कारण त्यात सगळे पदार्थ असतात. आमच्याकडचं पूर्वीचं ताट असं होतं: तीन पोळ्या, दीड वाटी भात, पातळ वरण, बटाट्याची भाजी. हिशोब केला तर कार्ब साधारण १२० ग्रॅम आणि फायबर १४ च्या आसपास. त्या फायबरमधलंही निम्म्याहून जास्त पोळ्यांमधलं, बाकीच्या ताटाने जवळजवळ काही दिलंच नव्हतं.

आत्ताचं ताट: दोन पोळ्या, अर्धी-पाऊण वाटी भात, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (मोड येऊन शिजल्यावर चांगली मोठी वाटी होते), गवारीची भाजी, काकडी-गाजराची कोशिंबीर, ताक. कार्ब साधारण ९० आणि फायबर २० च्या पुढे. पोट तेवढंच भरतं, किंबहुना चारच्या सुमारास बिस्किटांचा डबा उघडावासा वाटत नाही.

यात कुठलाही पदार्थ दुकानातून वेगळा आणावा लागला नाही. गवार, शेवगा, घेवडा, वांगी, मेथी, लाल माठ, कोबी, मुळा पाल्यासकट, यांतलं रोज काहीतरी दोन वेळा आलं की भाजीची बाजू सांभाळली जाते. बटाटा, रताळं, सुरण, अरवी यांना मात्र धान्याच्या खात्यात टाका. बटाट्याची भाजी-पोळी-भात म्हणजे तीन धान्यं एका ताटात.

जवसाची किंवा कारळ्याची चटणी रोज घ्या. जवसात १०० ग्रॅमला सुमारे २६ ग्रॅम फायबर असतं, दोन चमचे चटणीतून अडीच ग्रॅम सहज मिळतं. जवस भाजून कुटलेले हवेत. अख्खे गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात.

खाण्याच्या क्रमाबद्दल: कोशिंबीर, भाजी, उसळ आधी आणि पोळी-भात नंतर खाल्ला तर जेवणानंतरची साखर कमी चढते असं लहान लहान अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे कालवून खायची सवय असल्याने पूर्ण जमत नाही. मी कोशिंबीर आणि निम्मी उसळ आधी संपवते, मग पोळीला हात लावते. जेवणानंतर १०-१५ मिनिटं चालणं मात्र नक्की उपयोगी पडतं, कारण पायांचे स्नायू ग्लुकोज ओढून घेतात. शतपावली केली तरी चालेल, पण पलंगापर्यंतची नको.

६. तिसऱ्या आठवड्यापासून: नाश्ता आणि रात्र

नाश्ता हे आपलं कच्चं ठिकाण. पोहे, उपमा, साबुदाणा, इडली, पाव: सगळा स्टार्च. पोहे सोडायला सांगणारी मी कोण, पण पोहे निम्मे आणि त्यात मटार, शेंगदाणे, मोडाचे मूग, भरपूर कांदा-कोथिंबीर असा उलटा हिशोब करता येतो. मुगाची किंवा मिश्र डाळींची धिरडी, भाजणीचं थालीपीठ मेथी-दुधी घालून, शिल्लक उसळ आणि एक पोळी, हे त्याहून बरं. मिसळीत उसळ जास्त, फरसाण वरून चिमूटभर आणि पाव एकच ठेवला तर ती चक्क चांगला नाश्ता आहे. हॉटेलात नेमकं याच्या उलट वाढतात.

रात्री मूगडाळीची खिचडी करताना तांदूळ आणि डाळ समसमान घ्या, डाळ शक्यतो सालाची. पिठलं-भाकरी असेल तर सोबत कच्चा कांदा आणि एक पालेभाजी. बेसन हरभराडाळीचंच, त्यामुळे पिठलं मला बटाट्याच्या भाजीपेक्षा केव्हाही बरं वाटतं.

शिळ्या भाताबद्दल सध्या बरंच बोललं जातं. भात गार झाला की त्यातल्या काही स्टार्चची रचना बदलते आणि तेवढा भाग पचत नाही, फायबरसारखा पुढे जातो. हे खरं आहे, पण फायदा थोडा आहे. फोडणीचा भात दुप्पट खाण्याचा तो परवाना नव्हे. आणि भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सेरेयस या जिवाणूचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, उबदार भातात वाढून ते विष तयार करतात आणि पुन्हा गरम केल्याने ते विष जात नाही. तासाभरात पसरून गार करा आणि फ्रीजमध्ये टाका.

७. फायबर वाढवताना पोट कसं सांभाळायचं

आठवड्याला ४-५ ग्रॅमपेक्षा जास्त उडी नको. उत्साहात पहिल्याच दिवशी राजमा, कोंड्याच्या पोळ्या आणि इसबगोल असा मारा केलात तर पोट फुगेल आणि चौथ्या दिवशी ‘मला फायबर सोसत नाही’ म्हणून सगळं सोडून द्याल. आतड्यातल्या जिवाणूंना जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात.

कडधान्य आठ-दहा तास भिजवा, ते पाणी ओतून टाका, मोड आणा, मऊ शिजवा. गॅस करणाऱ्या रॅफिनोज जातीच्या साखरा भिजवून आणि मोड येऊन कमी होतात. हिंग, ओवा, आलं घालायची आपली पद्धत आहेच. सुरुवात मूग आणि मसुरापासून, मग मटकी-चवळी, सगळ्यात शेवटी राजमा, छोले, पावटे. वाल आणि पावटे ज्यांना सोसतात त्यांचा मला हेवा वाटतो.

पाणी वाढवलं नाही तर चोथ्याने उलट बद्धकोष्ठ होतं. हृदय किंवा किडनीसाठी पाण्यावर मर्यादा नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर, उन्हाळ्यात जास्त.

इसबगोल लागलंच तर एक चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, मोठ्या पेल्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी पाणी. कोरडं तोंडात टाकायचं नाही, ते घशात फुगून अडकू शकतं. औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा, विशेषतः थायरॉइडच्या गोळीपासून. पण हा आधार आहे, जेवण नाही. इसबगोलात उसळीतलं प्रथिन नाही, लोह नाही.

मळ काळा येणं, रक्त पडणं, वजन आपोआप घटणं, शौचाची सवय अचानक बदलून तशीच राहणं, हे फायबरच्या माथी मारू नका. डॉक्टरांकडे जा.

८. नेहमीचे सापळे

गूळ. १०० ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम कार्ब असतात आणि ते बहुतांश सुक्रोज, म्हणजे साखरच. मध, खजुराचा पाक, नारळाची साखर, सगळे त्याच रांगेत. गुळाचा चहा आवडतो म्हणून प्या, साखरेला पर्याय म्हणून नको.

नाचणीसत्त्व. नाचणी भिजवून, वाटून, वस्त्रगाळ करून जे उरतं ते बहुतांश स्टार्च, चोथा फडक्यातच राहतो. बाळाला आणि आजारी माणसाला पचायला सोपं म्हणूनच ते देतात. तुम्हाला नाचणीची भाकरी किंवा आंबील हवी. नाचणी बिस्किटांच्या पुड्यावर पहिला घटक कोणता लिहिलाय तेही वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, आणि पहिलं नाव बऱ्याचदा मैद्याचं निघतं.

चाळण. गिरणीतून जाड दळून आणलेली कणीक घरी बारीक चाळणीने चाळली की कोंडा गेला आणि त्याबरोबर फायबरही. चाळायचंच तर किडा-खडा निघेल एवढ्या मोठ्या चाळणीने. पोळी थोडी तांबूस आणि भरड होते, घरचे आठवडाभर कुरकुरतात.

रस. संत्रं खाल्लं तर चोथा मिळतो, पिळून प्यायलं तर तीन-चार संत्र्यांची साखर एका घोटात. उसाच्या रसाबद्दल बोलायलाच नको. पेरू मात्र मनमुराद: १०० ग्रॅमला साडेआठ ग्रॅमच्या आसपास फायबर, बियांसकट. आंबा फोडी करून, मोजून, जेवणातला भात तेवढा वगळून. आमरस-पुरी हा सण आहे, त्याला रोजचं जेवण करू नका.

‘हाय फायबर’. आपल्याकडच्या नियमांत १०० ग्रॅमला ६ ग्रॅम फायबर असलं की असा दावा करता येतो आणि ३ ग्रॅम असलं तर ‘फायबरचा स्रोत’ म्हणता येतं. चार बिस्किटं म्हणजे फार तर ३० ग्रॅम, त्यातून मिळालं दोन ग्रॅम. एका पेरूत याच्या कितीतरी पट. ‘नो अ‍ॅडेड शुगर’ असेल तर घटकांत माल्टोडेक्सट्रिन (स्टार्चपासूनची पूड, तीही साखर चढवते), फळांच्या रसाचा अर्क, खजूर शोधा. ‘शुगर फ्री’ मिठाईत माल्टिटॉल असतं, त्याने साखर थोडी चढतेच आणि जास्त खाल्लं तर पोट सैल होतं.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक फरक: अमेरिकेतल्या वेष्टनावर ‘एकूण कार्बोहायड्रेट’ मध्ये फायबर धरलेलं असतं, ते तुम्ही वजा करायचं. ब्रिटन आणि युरोपात आधीच वजा केलेलं असतं. तिकडचा आकडा पाहून पुन्हा वजाबाकी केलीत तर कार्ब प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतील.

ग्लायसेमिक इंडेक्सचा नाद, म्हणजे कुठला पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो याच्या आकड्याचा. टोरंटोत डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही मोजणी मांडली. ५५ पर्यंत कमी, ७० पासून पुढे जास्त. पण ती मोजतात एकच पदार्थ, ठरावीक कार्ब येतील एवढा, रिकाम्या पोटी देऊन. नुसता भात कोण खातं? वरण, तूप, लिंबू, भाजी आली की आकडा बदलला. कलिंगडाचा इंडेक्स जास्त असतो, पण १०० ग्रॅम कलिंगडात १० ग्रॅमही कार्ब नसतात. नवख्याने हा विषय सहा महिने बाजूला ठेवावा.

९. उपास

इथे सगळं गणित पालथं पडतं. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातून काढलेला जवळजवळ शुद्ध स्टार्च, त्यात फायबर नावापुरतं. सकाळी साबुदाणा खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, रात्री रताळ्याच्या गोड चकत्या आणि मध्ये केळं-खजूर, हा उपास साखरेच्या दृष्टीने लग्नाच्या पंगतीहून जड पडतो. ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे आपल्या पूर्वजांनी उगीच म्हटलेलं नाही.

चालणारं ताट: राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, भगर थोडी आणि शेंगदाण्याची आमटी जास्त, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, काकडीची कोशिंबीर, ताक, एक पेरू किंवा डाळिंब. काही घरांत भगर चालत नाही, तिथे राजगिरा आणि शिंगाड्यावर भागवा. भगर घेताना ओल लागलेली, बुरशीचा वास येणारी, सुटी दळलेली नको, तिने विषबाधा झाल्याच्या बातम्या दर वर्षी श्रावण-नवरात्रात येतात. साबुदाणा खायचाच असेल तर लहान वाटी, दाण्याचा कूट मुबलक आणि सोबत दही-काकडी.

निर्जळी किंवा दिवसभराचा कडक उपास औषधं चालू असताना डॉक्टरांना न विचारता करू नका. सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून गोळी घेऊन उपाशी राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

१०. आपल्या शरीराचं उत्तर घ्या

तोच भात दोघांना वेगवेगळी साखर चढवतो, म्हणून शक्य असेल तर ग्लुकोमीटरने जोडीने मोजा: जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. जेवण संपल्यापासून नव्हे, ही चूक फार होते. हात साबणाने धुऊन कोरडे करा, बोटाला फळाचा रस राहिला तरी आकडा वर जातो. बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. स्ट्रिपची मुदत पाहा.

एका दिवशी जुनं ताट, दुसऱ्या दिवशी नवं, त्याच वेळी, तेवढंच चालून. स्ट्रिप महाग असतात, रोज टोचून घेण्याची गरज पूर्वमधुमेहात सहसा नसते. आठवड्यातून दोन जोड्या पुष्कळ झाल्या.

एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून उपयोग नाही, कारण ते तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजतं आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्याच प्रयोगशाळेत करा. आणि त्याच वेळी हिमोग्लोबिनही करून घ्या: लोहाच्या कमतरतेत हा आकडा खोटा वर दिसू शकतो, तर नुकतंच रक्तदान किंवा रक्तस्राव झाला असेल तर खोटा खाली. आपल्याकडे बायकांमध्ये लोहाची कमतरता इतकी सर्रास आहे की नवीन रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवताना हे आपणहून विचारायचं. सोबत वहीही न्या.